कोर्टासमोरचा बुंधा

मित्रांनो, कोर्टाच्या दाराशी तुमचा पाय ज्याला अडखळतो ना, तो मी. एक जुना ओकचा बुंधा. अमेरिकेतल्या इलिनॉयमधलं हे गाव वसलं तेव्हा माझं झाड पाडलं, फळ्यांचं कोर्ट उभं राहिलं. मी जमिनीतच उरलो. पण देवाने मला वाया जाऊ दिलं नाही. फिरते उपदेशक माझ्यावर उभे राहून त्याचं वचन गाऊन सांगत आणि सारा चौक सूर धरी. निवडणुकीत उमेदवार चढत.

त्यांत ओबेद थर्लो वकील माझा लाडका. बूट चिखलाचे, पण आवाज त्या उपदेशकांसारखा, थेट काळजातून येणारा.

त्या काळी मत तोंडाने द्यायचं. मतदार कारकुनापुढे नाव पुकारी आणि उमेदवार माझ्यापाशी उभा राहून प्रत्येकाचे आभार मानी. जो हजर नाही, तो गर्विष्ठ ठरे.

ओबेद विधिमंडळासाठी उभा होता. मतदान ऐन रंगात आलं आणि फिरत्या न्यायाधीशांनी, पुढच्या गावी निघायच्या घाईत, डॉर्कसचा खटला पुकारला. डॉर्कस गावात कपडे धुणारी, काळी, स्वतंत्र बाई. नदीपलीकडच्या राज्यात गुलामगिरी चाले; तिथला एक माणूस तिला आपली पळालेली गुलाम म्हणत होता.

ओबेद निघाला.

"अरे, कुठं?" सायलस लोहार ओरडला. "माझं मत तरी ऐकून जा!"

"डॉर्कसबाईला नेतील रे."

"मग दुसऱ्याला देतो!"

"दे की. तो आभार मानायला हजर आहे."

चौक हसला. सायलसने चिडून खरंच दुसऱ्याला मत दिलं, त्याच्यामागून पुष्कळांनी.

उघड्या खिडकीतून मला ओबेद ऐकू येत होता. "हिला ओळखता म्हणता? मग हिचा भाजलेला हात कोणता?"

"उजवा," तो माणूस ठासून म्हणाला.

डॉर्कसने बाह्या सारल्या. डाग कुठेच नव्हता. ती सुटली.

संध्याकाळी ओबेद माझ्यावर येऊन टेकला. डॉर्कस जवळ आली.

"माझ्यापायी हरलात ना?"

"हरलो खरा. आता शर्ट तरी फुकट धुवाल?"

"फुकट? वकीलसाहेब, स्वतंत्र बाई आहे मी!"

दोघंही डोळे पुसेपर्यंत हसली.

पुढच्या निवडणुकीत पहिला आवाज सायलसचा. "थर्लो! आणि तू जा रे कोर्टात, आभार राहू देत!" ओबेद निवडून आला आणि विधिमंडळातही तसाच, एकट्यांच्या बाजूने बोलत राहिला.

मग कागदी मतं आली. माझ्यावर कुणी चढेना. गाभा कुजला. आता गाड्यांना जागा हवी म्हणून मला उपटणार म्हणतात.

उपटा, मित्रांनो. फक्त त्याआधी एकदा माझ्यावर चढा आणि ज्याच्या बाजूने कुणीच बोलत नाही, त्याच्यासाठी मोठ्याने बोला. माझ्या मुळांना अजून ऐकू येतं.