पाण्याखालचा शॉट

पिक्चर लंगडा होता, हे मावशीला पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं होतं. तिचं कामच ते. एडिटिंगच्या टेबलावर बसून तिने आजवर बरेच पिक्चर उभे केले होते आणि काही नुसतेच झाकले होते. हा झाकण्यातला होता. नायिकेचा बाप मध्यंतराआधी गायब होतो तो पुन्हा कुणाला आठवतच नाही, शेजारीण उगवते ती भाषण ठोकायला, आणि पंधरा वर्षांची पोर घरातून पळते कशासाठी, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं. पण त्या पोरीवरून नजर हटत नव्हती. ती रडायला लागली की दार उघडून आलेला चहावालाही हातातला ट्रे विसरून उभा राहायचा.

ही पोर म्हणजे मावशीच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसेल तर शपथ. ताई आधी नाहीच म्हणत होती. मावशीनेच गळ घातली.

"अगं, मी आहे ना तिथे! पोरीच्या केसाला धक्का लागला तर मला विचार."

खरं म्हणजे मावशी तिथे नव्हतीच. शूटिंग चालायचं शहराबाहेर, कपडे रंगवण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात, आणि मावशी दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत. पण असं बोलून जातो माणूस, आणि समोरचाही विश्वास ठेवतो.

दिग्दर्शक मृदू बोलणारा होता. त्याची एकच गोष्ट विचित्र होती. इतरांकडून शॉट जसा घेतला तसा अख्खा येतो, आधीची गडबड, शॉटचा नंबर लिहिलेली पाटी, खोकले, सगळ्यासकट. हा मात्र प्रत्येक शॉट 'ॲक्शन' शब्दापासून पुढचाच पाठवायचा, आधीचं सगळं छाटून. मावशीला वाटलं, व्यवस्थित माणूस आहे. चला, आपलं तेवढंच काम वाचलं.

शेवटच्या प्रसंगाशी मात्र गाडी अडली. मुलगी माग काढणाऱ्यांपासून लपायला कारखान्याच्या हौदात उतरते, पाण्याखाली श्वास धरून राहते, असं ते होतं. मावशीने तो प्रसंग तीन तऱ्हांनी जोडून पाहिला आणि एका संध्याकाळी फोनवर स्पष्ट सांगून टाकलं, "बाकी सगळं ठीक आहे हो, पण तिच्या डोळ्यांत भीती नाही. रडण्याच्या सीनमध्ये जे आहे, ते इथे नाही."

"बरोबर," दिग्दर्शक म्हणाला. "उद्या दुपारी परत घेतो. बघा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भिंगरीच्या रडण्याच्या शॉटमध्ये थोडी जागा हवी होती, 'ॲक्शन'च्या आधीचा निवांत चेहरा. तिने शूटिंगचं सामान आणि घेतलेले शॉट सांभाळणाऱ्या मुलीला फोन केला. ती बिचारी नवीन होती. तिने काहीही न छाटता सगळंच पाठवून दिलं, काल रात्रीच्या तालमीसकट.

मावशीने हेडफोन लावले. पडद्यावर भिंगरी पाय हलवत बसली होती, कुणाशी तरी हसत होती. मग दिग्दर्शकाचा तो मऊ आवाज आला.

"बाळ, घाबरू नकोस. तुझ्या आईला दवाखान्यात नेलंय. आत्ताच फोन आला होता. बोलत नाहीये ती. एवढा शॉट दे, लगेच गाडी काढतो."

भिंगरीचा चेहरा आधी काहीच करत नव्हता. मग तो आतून खचत गेला. आणि तेवढ्यात, अगदी हळू, "ॲक्शन."

याच शॉटवर तिने दिग्दर्शकाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. ताई तर त्या दिवशी धडधाकट होती, संध्याकाळी दोघी बाजारात गेल्या होत्या. म्हणजे पोरीने घरी येऊन एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. मावशीने पुढचे शॉट भराभर लावले. प्रत्येक चांगल्या शॉटच्या आधी असंच काहीतरी होतं. वाईट शॉटच्या आधी फक्त गडबड आणि खोकले.

शेवटी तालमीचा तुकडा. हौदाचा काठ, कुणाचेतरी बूट आणि पुन्हा दिग्दर्शकाचा मऊ आवाज.

"कमरेचा दोर तुझ्याकडे. तिला सांगितलंय, जीव घाबरला की हात वर कर."

"हां. मग ओढतो."

"नाही. मी सांगेपर्यंत नाही. हात वर आला तरी नाही."

मावशी उठली तेव्हा खुर्ची मागे आडवी झाली, ती तशीच राहिली. शूटिंग सुरू झालं की सगळ्यांचे फोन बंद असतात. तरी तिने दिग्दर्शकाला लावला, भिंगरीला लावला, सामानवाल्या मुलीला लावला. ताईला लावायला मात्र तिचा हात धजेना. काय सांगणार होती? तिने गाडी काढली आणि वाटेत भेटेल त्याला शिव्या घालत, सिग्नल न पाहता कारखाना गाठला.

आत सगळे चिडीचूप होते. हौद जमिनीत खोल होता आणि भिंतींवरच्या जुन्या रंगांमुळे पाणी वरून काळं दिसत होतं. काठावर भिंगरी उभी होती, कमरेला वजनं लावलेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक एका आडदांड माणसाच्या हातात. मावशीला पाहून ती खुदकन हसली.

"आलीस? सर म्हणालेच होते!"

मावशी जागीच थबकली. "काय म्हणाले होते?"

"की तू धावत येशील. म्हणशील, उतरू नकोस, धोका आहे. आणि मी मुळीच विश्वास ठेवायचा नाही."

दिग्दर्शक खुर्चीतून उठला नाही. "या, बसा," तो म्हणाला. "मी वाटच बघत होतो. तुम्हाला सगळं पाठवल्याचं त्या सामानवाल्या मुलीने सांगितलंय मला."

"बसते कशाची! हे बंद करा. तिचा हात वर आला तरी ओढायचं नाही, असं सांगितलंयत तुम्ही या माणसाला. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

भिंगरीने टाळ्या वाजवल्या. "मावशी, किती छान करतेस गं! मला वाटलं, तुला जमणारच नाही."

"भिंगरे, मी खरं बोलतेय. तुझ्या आईची शपथ."

"आईचं मागेच झालंय," भिंगरी समजुतीने म्हणाली. "आता दुसरं काहीतरी."

आणि मावशी तिच्यापर्यंत पोचायच्या आत ती शिडीवरून उतरली. पाण्याने तिला गळ्यापर्यंत घेतलं, मग डोक्यावरून.

"ॲक्शन," दिग्दर्शक हलकेच म्हणाला.

पाणी शांत झालं. कॅमेरा पाण्याखाली काचेच्या पेटीतून बघत होता आणि दिग्दर्शक छोट्या पडद्याकडे. मावशीने दोरवाल्याकडे पाहिलं. त्याने दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकाने एक बोट उभं केलं. थांब.

काळ्या पाण्यातून हात वर आला. पंजा उघडला, मिटला, परत उघडला.

बोट तसंच.

मावशीने झेप घेऊन दोर धरला आणि ओढला. दोर हलेना, कारण त्या माणसाने तो घट्ट रोखून धरला होता. तिचे तळवे सोलून निघाले. "तुझ्या घरी पोरंबाळं नाहीत का रे?" ती किंचाळली. "ओढ मेल्या, ओढ!" आणि कुणास ठाऊक कशाने, त्या माणसाची मान फिरली, त्याने बोटाकडे पाठ केली आणि सगळं अंग लावून दोर खेचला.

भिंगरी वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ती खोकली, ओकली, परत खोकली. दिग्दर्शक पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "अजून जरासं थांबल्या असतात तर..." त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं.

मावशीने पट्टा सोडला, पोरीला स्वतःच्या ओढणीत गुंडाळलं आणि कुणाकडेही न पाहता गाडीत नेऊन बसवलं. गाडी घराकडे वळवली. वाटेत भिंगरीने समोर बघतच विचारलं.

"मावशी, सर कट म्हणाले का?"

मावशीने आठवून पाहिलं. कुणीच म्हटलं नव्हतं.

"म्हणाले गं," ती म्हणाली. "केव्हाच म्हणाले."

भिंगरीने मान वळवून तिचा चेहरा नीट निरखला. "खोटं," ती म्हणाली, आणि पुन्हा समोर बघायला लागली.

दार ताईने उघडलं. लेकीचे ओले केस पाहून तिच्या हातातलं भांडं गळून पडलं, ती "अगंबाई" म्हणत दोन्ही हात पसरून पुढे आली. भिंगरी दाराबाहेरच उभी राहिली. आईकडे बघत, पाऊल न उचलता, कुणीतरी खूण करेल म्हणून थांबलेली.