पाच किलोंचे दाजी

एप्रिलमध्ये खोकं आलं, तेव्हा खिंडीवर अजून माणूसभर बर्फ होता. बेगिमायनं, म्हणजे माझ्या भाचीनं, कोरियातल्या सोलहून पाठवलं होतं. ती तिकडे कारखान्यात आहे, आणि वडिलांवर तिचा जीव आहे. खोकं दाराएवढं मोठं. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, तेमिरकुल, दोन्ही हात पसरून ते उचलायला वाकले, तर सिर्गाताई स्वयंपाकघरातून ओरडली, "पाठ! पाठ सांभाळा!" आणि पुढच्याच क्षणी दाजी ते खोकं एका हातावर तोलत अंगणात उभे. चेहरा असा, की कुणीतरी फसवलंय.

"रिकामंच दिसतंय," ते म्हणाले.

रिकामं नव्हतं. आतून एक पांढरी सॅक निघाली, कागदासारखी सळसळणारी. एक तंबू निघाला, दुधीभोपळ्याएवढ्या पिशवीत मावणारा. पिसांचं एक पांघरूण, जे मुठीत दाबलं तर मुठीत बसलं आणि सोडलं तर खाटभर पसरलं. एक भांडं, एक चमचा, आणि कडेला हुक असलेला, आकडे दाखवणारा छोटा ताणकाटा.

सिर्गाताईनं भांडं बोटांत धरून टिचकी मारली. "हे भांडं आहे की अंड्याचं कवच?"

"टायटॅनियम," दाजी म्हणाले. आवाजात असा आदर, जसा लोक पाहुण्या मौलवींबद्दल बोलतात.

आता यात मी चेष्टा केली नाही तर माझं मेव्हणीपण काय कामाचं? आमच्यात बायकोच्या धाकट्या बहिणीनं दाजींना सोडायचं नसतं, आणि दाजींनी रागवायचं नसतं. मी शाळेत गाणं शिकवते, शेजारच्याच घरात राहते, आणि माझी जीभ दोन्ही घरांत पुरते. मी तिथल्या तिथे टाळी वाजवून म्हटलं:

"हलकी गं हलकी, दाजींची शिदोरी,
वारा आला, घेऊन गेला, हाती उरली दोरी!"

दाजींनी ऐकलं आणि मिशीत हसले. उत्तर मात्र दिलं नाही. उत्तर द्यायचं असतं, तेही ओवीतच. मी म्हटलं, उधार राहिलं.

पण गोष्ट चेष्टेची असली तरी नुसती चेष्टेची नव्हती.

दाजींनी तरुणपणी सव्वीस वर्षं भूगर्भवाल्यांची ओझी वाहिली. ते लोक डोंगर ठोकायचे आणि दगडांच्या पेट्या भरायचे, आणि दाजी त्या पेट्या पाठीवर घेऊन खिंड ओलांडून सरोवराच्या बाजूला नेऊन टाकायचे. पस्तीस किलो, कधी चाळीस. घोडे दमले की माणसं. त्या सव्वीस वर्षांत पाठीचा एक मणका दुसऱ्यावर बसला तो बसलाच. नारीन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरून स्पष्ट सांगितलं होतं: घोड्यावर बसणं बंद, धक्के सोसायचे नाहीत. चाला, हवं तेवढं चाला. पण पाठीवर पाच किलो. पाचच्या वर एक कांदासुद्धा नाही.

घोड्यावर बसणं बंद, हे आमच्याकडच्या माणसाला सांगणं म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. दाजींनी ते गिळलं. पण एकदा चहा पिताना, बशीत जर्दाळूचा मुरंबा घोळवत ते मला म्हणाले होते, "बुरुल, मी ती खिंड किती वेळा ओलांडली असेन? शंभर? दीडशे? आणि मला ती कशी दिसते सांगू? पुढच्या माणसाच्या टाचा. बस्स. मान वर व्हायचीच नाही ओझ्यानं. आख्खी खिंड मी टाचांवरून ओळखतो. एकदा वर बघत जायचंय."

हे त्यांनी बेगिमायलाही फोनवर सांगितलं असणार. म्हणून ते खोकं.

आणि सिर्गाताईनं अट घातली होती. "निघायच्या सकाळी दारात काटा लावायचा. पाचच्या आत असेल तर जा. पाचच्या वर गेलं तर सॅक माळ्यावर, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. शपथ घ्या." दाजींनी नानवर हात ठेवून शपथ घेतली. नानवरची शपथ मोडत नाहीत.

मग काय! एप्रिल, मे आणि जून आमच्या अंगणात एकच खेळ. सॅक भरायची, काट्याला टांगायची, आकडा बघायचा, उसासा सोडायचा, रिकामी करायची. दाजींनी साबणाची वडी दोऱ्यानं कापून चौथाई ठेवली. मोज्यांच्या एका जोडीवर तीन दिवस विचार केला. तंबू सफरचंदाच्या झाडाखाली लावून दुपारी त्यात झोपायची रंगीत तालीम केली, तर गाय आली आणि तंबूची एक बाजू मनापासून चाटून गेली. दाजी आतून ओरडतायत, "सिर्गा! पाऊस आला!" आणि सिर्गाताई ओसरीवर हसून हसून बसकण मारते.

"दाजी," मी म्हणायची, "मिशी किती भरेल हो? चाळीस ग्रॅम?"

"मिशी सामानात येत नाही."

"मग कशात येते?"

"पोशाखात. आणि तुझी जीभ बरोबर नेत नाहीये, तिथेच किलोभर वाचलं."

गावातले लोक फाटकाशी थांबून विचारत, "तेमिरकुल, घोडा विकलास का रे, पायी निघालास तो?" ते हसून सोडून देत. संध्याकाळी मात्र ओट्यावर बसून खिंडीकडे बघत. रोज बर्फ थोडा वर सरकलेला. वाट कशी पाहावी ते मी या माणसाकडून शिकले. लग्न ठरलेली मुलगी आरशासमोर जशी टोपी घालून बघते नि काढून ठेवते, तसे ते ते पिसांचं पांघरूण उघडत आणि पुन्हा घडी करत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मेंढपाळांनी निरोप दिला, खिंड मोकळी झाली.

निघायच्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. दारात काटा टांगला. सॅक लावली. दाजींनी श्वास धरला, ताईनं धरला, मीही धरला. चार किलो आठशे सत्तर. दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. सव्वीस वर्षांत कधी कुठलं ओझं त्यांनी इतक्या अभिमानानं उचललं नसेल.

तेवढ्यात दामेश आली. पलीकडच्या गल्लीतली. हातात पुडकं. "तेमिरकुलदादा, वरच्या कुरणावर जाताय ना? माझ्या सुनेला एवढं द्या. मुलाचे बूट आहेत."

तिच्या मागं ओस्मोनकुल, मेंढ्यांचं औषध घेऊन. मग शिक्षकांची बायको, चहापत्तीचे चार पुडे. मग कुणाची बॅटरी, कुणाचं बेसिनएवढं परातवजा भांडं, कुणाचा साखरेचा थैला. आणि शेवटी सिर्गाताईच आतून मोठं गाठोडं घेऊन आली.

"हे काय?" दाजी म्हणाले.

"काय म्हणजे? वाटेत मेंढपाळांचे पाच यूर्त-तंबू लागतील. पाचही ठिकाणी चहाला बोलावतील. रिकाम्या हातानं शिरणार? बिस्किटं, मनुका, खडीसाखर. प्रत्येकाला एकेक पिशवी."

आम्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. तीन महिने साबणाचे तुकडे तोलले, मोजे तोलले. आणि वर जाणारा माणूस हा गावाचा टपालवाला असतो, आणि पाहुणा मोकळ्या हातांनी यूर्तचं नमद्याचं दार उचलत नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ना त्यांच्या, ना ताईच्या, ना माझ्या. सोलच्या पोरीला तरी कुठून सुचणार!

ओट्यावर ढीग. दाजींनी तो बघितला. नाही म्हणता येत नव्हतं. याच दामेशच्या नवऱ्यानं आजारपणात त्यांची लाकडं आणून टाकली होती. आणि हो म्हणायचं तर शपथ. त्यांनी हळूच काट्यावरून सॅक काढली, ओट्यावर ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "चला, माळ्यावर ठेवा."

ताईनं पदराएवढ्या रुमालात नान गुंडाळून आणला होता, निघणाऱ्यानं एक घास तोडायचा आणि उरलेला तो परत येईपर्यंत घरात टांगून ठेवायचा म्हणून. ती तो तसाच छातीशी धरून उभी.

मग मी म्हटलं, "माळ्यावर कशाला? माझी घोडी तोरू काय गवतच खायला आहे? ढीग घोडीवर, घोडीवर मी. शेवटच्या यूर्तपर्यंत टपाल मी वाटते. दाजींनी आपले पाच किलो घेऊन पुढं चालावं."

"लोक काय म्हणतील?" दाजी म्हणाले. "बाई घोड्यावर, पुरुष पायी!"

"लोक तीन महिने म्हणतच आहेत. अजून एक दिवस म्हणू देत."

दाजी उठले. इतक्या घाईनं उठले, की शपथेला पुन्हा काही आडवं येऊ नये म्हणून थेट फाटकाबाहेर. काटाही घरीच ठेवला, नव्वद ग्रॅमचा होता. आम्ही ओढा ओलांडला तेव्हा मी मागं वळून बघितलं. ताई फाटकात उभी होती आणि तिच्या हातातला नान अख्खाच होता. घास तोडायचा राहिला होता.

मी दाजींना सांगितलं नाही. परत फिरणंही वाईटच.

पाच यूर्तमध्ये आम्ही पाच वेळा चहा प्यायलो, घोडीच्या दुधाचं आंबूस कुमिस प्यायलो. मी घोडीवरून बूट, औषध, परात उतरवत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी लोक दाजींची सॅक हातात घेऊन बघत नि एकमेकांकडे बघत. दाजी पुढं, पांढरी सॅक पाठीवर, पाय असे टाकत की घोडीलाच मागं पडायला होई.

शेवटचं यूर्त कालबुबू आपांचं, अगदी खिंडीच्या पायथ्याशी. सत्तरी ओलांडलेली, आवाज घंटेसारखा. दाजी म्हणाले, "आपा, मी इथं बाहेर तंबू लावतो."

"का? माझ्या घरात कुत्री झोपतात का?"

तंबू पिशवीतच राहिला. दाजी चार मेंढीच्या कातड्यांखाली झोपले.

सकाळी आपांनी तंदुरातला ताजा नान आणला. चाकाएवढा, जाड, वर तीळ. वाफ निघत होती. "वाटेत खा," म्हणाल्या. दाजींनी दोन्ही हातांनी घेतला. मी त्यांच्या डोळ्यांत आकडे फिरताना पाहिले. अर्ध्या किलोच्या वर तो नक्की होता, आणि सॅकमध्ये फक्त एकशे तीस ग्रॅमची जागा. वडीलधाऱ्याच्या हातचा नान परत करायचा नसतो, खाली तर ठेवायचाच नसतो. दाजी तो धरून उभे राहिले, जसे दारातल्या त्या ढिगासमोर बसले होते.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बुरुल," ते म्हणाले, "काल सिर्गाच्या हातात नान होता ना?"

"होता."

"मी घास तोडला नाही."

"नाही."

त्यांनी नान तोंडाशी नेला आणि कडेचा एक मोठा घास तोडला. चावला, सावकाश. मग उरलेला माझ्या हातात दिला. "घरी ने. सिर्गाला सांग, टांगून ठेव. मी येऊन संपवतो."

पाहुण्यानं नान नाकारला असता तर कालबुबू आपांनी त्याला खाली गावापर्यंत शिव्या घातल्या असत्या. पण निघालेल्या माणसाचा उष्टा नान त्याच्या बायकोकडे जातोय, तर त्यात कोण काय बोलणार? त्यांनी नुसता हात वर केला आणि वाटेला आशीर्वाद दिला.

दाजींनी सॅक चढवली. दहा पावलं गेले आणि वळले. हात कानाशी नेऊन, खुशाल, आख्ख्या दरीला ऐकू जाईल असं:

"दोरी माझ्या हाती, मेव्हणी, दोरी माझ्या हाती,
वारा नेतो शिदोरीला, मी जातो तिच्या पाठी!"

एप्रिलचं उत्तर जुलैत दिलं. बघता बघता ती पांढरी सॅक वर गेली, मग बर्फाच्या पट्ट्यावर बर्फातच मिसळली. पण तोवर मला एक दिसलं होतं. त्यांची टोपी मागं कलली होती. माणूस वर बघत चालला की कलते तशी.

घरी पोचले तेव्हा ताई फाटकातच होती. कालपासून तिथून हललीच नव्हती की काय कोण जाणे. मी नान दिला. तिनं दातांच्या खुणेवर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग खुंटीवरचा काटा काढला, नान रुमालात बांधून टांगला आणि आकडा वाचला. "सहाशे वीस. एवढं ओझं माझ्याकडे ठेवून गेले."

"जड आहे का?"

"गप्प बस." तिनं नान खिडकीवरच्या खिळ्याला लटकवला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. सरोवराच्या बाजूनं. ताईनं आवाज मोठा केला म्हणून मलाही ऐकू आलं.

"पाठ?" ताईचा पहिला शब्द.

"आहे. जागेवर आहे. तंबूत झोपलो, सिर्गा. खिंडीच्या पलीकडे. गाय नव्हती तिथं."

"आणि खिंड? खिंड कशी आहे?"

मागं कुठं तरी कुत्रं भुंकत होतं. मग दाजी म्हणाले, "अगं, तिथं फुलं आहेत. दगडांच्या फटीत. पिवळी, बोटाच्या पेराएवढी. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. डोळे खिडकीकडे. "मग? आता परत पायी?"

"पायी कसला! इथल्या लोकांनी मासे दिलेत, मुरंबा दिलाय, उशीएवढी जर्दाळूंची पिशवी दिलीय. अकरा किलो भरेल. मोटारीनं येतो, रस्त्यानं."

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ खिळ्यावरच्या नानकडे बघत राहिली. मग उठली, जवळ गेली, बोटानं टकटक केलं.

"पार वाळलाय," ती म्हणाली. "आले की दुधात भिजवून द्यावा लागेल. दात कुठं राहिलेत यांना."