मितवल्लीच्या नावाची बाटली

मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे, पण आइस्क्रीमची आशा धरू नका. माझ्या पोटात लोकांची लघवी असते. हसून घ्या, गावही हसायचं.

कैरोच्या कारखान्यातून मी कालव्याकाठच्या या दवाखान्यात आलो, तेव्हा माझ्यात पोलिओची लस ठेवत. आया मला दुवा द्यायच्या. मग नवा फ्रीजर आला आणि मला कोपऱ्यात ढकललं. पुढे शहरातले डॉक्टर यकृताच्या कॅन्सरची खूण लघवीत शोधू लागले, तेव्हा माझी धूळ झटकली गेली. इथल्या बऱ्याच म्हाताऱ्यांची यकृतं आधीच खराब. गाठ लहान असतानाच कळली तर माणूस वाचू शकतो, असं नर्स इन्साफबाई घरोघर सांगत फिरल्या.

मितवल्ली नावाचा शेतकरी मात्र भडकला. "शाळेत असताना असंच मूत मागितलं होतं तुम्ही लोकांनी. कालव्यातल्या जंतांवर औषध म्हणून सगळ्या वर्गाला एकाच सुईनं टोचलं, आणि त्या सुईतूनच ही यकृताची पीडा आली. दुधानं तोंड पोळलंय बाई, ताक फुंकूनच पिणार."

"चाचा, या वेळी सुई नाही. नुसती बाटली."

त्याने बाटली नेली, पण भरली ती धाकट्या भावाने, सालेमने. "दादा, माझी घे. सकाळपासून चहाच पितोय, दोन बाटल्या निघतील!" म्हशींच्या गोठ्यामागे दोघे पोट धरून हसले. हे मला फार उशिरा कळलं.

काही दिवसांनी निरोप आला, मितवल्लीच्या बाटलीत वाईट खूण आहे. शहरात त्याच्या पोटाची तपासणी झाली. यकृत खडबडीत होतं, पण गाठ नव्हती. तो छाती काढून गावात परतला. "शिकलेसवरलेले, आणि मुताला फसले!" चहाच्या दुकानात सालेमच सगळ्यांत मोठ्याने हसला. लोकांनी बाटल्या देणं बंद केलं. सालेमच्या स्वतःच्या नावाची बाटली अजून यायची होती, तीही आली नाही. खूण खरी असेल, फक्त माणूस दुसरा असेल, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मला त्याचा आजही राग येतो.

कापूसवेचणीच्या सुमारास सालेमचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं.

त्याला दफन करून मितवल्ली मातीने भरलेल्या हातांनीच दवाखान्यात आला. "बाई, माझ्या नावाची बाटली आहे अजून?"

इन्साफबाईंनी ती माझ्यातून काढली.

"ते माझं नाही. सालेमचं आहे."

बाईंनी बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. "चाचा, तपासणीच्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर..."

"मला वाटलं, मी तुम्हाला फसवलं." तो रडू लागला. "नाव तेवढं बदला. सगळं गाव म्हणतंय, मितवल्ली नशिबाचा, वाचला."

बाईंनी नाव बदललं.

मित्रांनो, एकदा पोळलेल्या माणसाने घाबरावं, त्यात पाप नाही. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, बाटली रिकामी परत करा. रिकाम्या बाटलीने सालेम मेला नसता.