सुईचं टोक

मोटर थांबवून दोघे भाऊ यंत्रावर वाकले. फोम कापणारी सुई मोडली होती. दादाने ती घरीच घडवली होती. मोटरच्या चाकाला जोडलेली पोलादी तार शिलाई मशीनसारखी वरखाली धावे आणि संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र तिला आखलेल्या रेषेवरून फिरवी. तुटलेले टोक धाकट्याला कुठेच सापडेना. त्याने समोरचा फोम चाचपला, कचरा चिवडला आणि तो दादाकडे वळला.

"दादा, सकाळी आईची गादी कापलीस, तेव्हा सुई अख्खी होती ना?"

"गादी नीट कापली गेली ना? मग झालं. तुला काय, फोममध्येही भूत दिसतं."

"मोडकी सुईसुद्धा कापते. आत्ता कापतच होती की. तुला तरी कुठे कळलं?"

आतल्या खोलीत आई त्याच गादीवर निजली होती. आजारपणात तिची पाठ बधिर झाली होती; तिथे काही रुतले असते, तरी तिने हाक मारली नसती. आतली शांतता धाकट्याला आता अंगावर येऊ लागली.

"गादी कापून झाल्यावर सुई पाहिली होतीस का?"

दादाने हातातली तार हळूच टेबलावर ठेवली आणि तो आतल्या खोलीकडे निघाला.