मिरचीचा हात

नंदुरबारला थंडीच्या दिवसांत जी बाई मिरचीच्या पथारीवर कामाला जाते, तिचे हात तिचे राहत नाहीत. गावाबाहेर मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली असते. बाया ओळीने बसून देठ खुडतात, तोंडाला फडकं बांधून नाक-डोळे वाचवतात. हातांना कोण वाचवणार? संध्याकाळी तेल चोळा, ताकात बुडवा, राखेने घासा, आग काही जात नाही. सवय झालेल्या बाईला ती जाणवत नाही, एवढंच. दुसऱ्याला जाणवते.

हलीमा हे एकदाच विसरली होती. तिची लेक रिम्शा तेव्हा पाळण्यात होती. पोर रडतेय म्हणून हिने कामावरून येताच तिला उचललं आणि बोटांनी डोळे पुसले. मग व्हायचं ते झालं. डोळा सुजून बंद झाला, दवाखान्यात पळावं लागलं आणि नवरा वहाब रिक्षा चालवता चालवता हिला नाही नाही ते बोलला. डोळा वाचला. पण हलीमाने कानाला खडा लावला, की मिरची असेपर्यंत लेकीला हात लावायचा नाही.

मिरची असेपर्यंत म्हणजे दसऱ्यापासून पार ऊन तापेपर्यंत. अर्धं वर्ष तर त्यातच गेलं. तेवढ्या काळात पोरीचं न्हाणं, वेणी, भरवणं सगळं जाऊबाई इफ्फतकडे, पोरीच्या बडी अम्मीकडे. इफ्फतला मूलबाळ नव्हतं, तिने जीव ओतून केलं, तिला नावं ठेवायला जागा नाही. उन्हाळ्यात हलीमाचे हात मोकळे व्हायचे खरे, पण तोवर पोर इफ्फतच्या कुशीला सरावलेली असायची. हलीमाने बोलावलं की पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यासारखी परत जायची.

हंगामात फारच जीव कळवळला तर हलीमा कोपराने तिची पाठ चोळायची. ओढणीचा पदर मध्ये धरून त्यावरून गाल दाबायची. पोरही शहाणी. अम्मी जवळ आली की डोळे घट्ट मिटून मान फिरवायची. तसं तिला शिकवलंच होतं. शिकवणारी हलीमाच.

मागच्या वर्षी रिम्शा बारावीला होती. संध्याकाळी ती मोठमोठ्याने इंग्रजी पाठ करत होती. इफ्फत चुलीशी, हलीमा दारात, हात ताकाच्या पातेल्यात.

"प्रोटेक्ट म्हणजे काय गं?" हलीमाने विचारलं.

"सांभाळणं, वाचवणं. त्याच अर्थाचे बाकीचे शब्द पाठ करतेय. गार्ड, शील्ड, शेल्टर, डिफेन्ड."

"गार्ड मला माहितीये. आमच्या पथारीवर एक आहे, दिवसभर झोपतो मेला."

इफ्फत हसली. रिम्शाही हसली. हलीमाला बरं वाटलं, म्हणून तिने पुढचं विचारलं. शील्ड म्हणजे ढाल. शेल्टर म्हणजे निवारा, ऊन-पावसात डोक्यावर हवा तो. डिफेन्ड म्हणजे आपल्या माणसासाठी भांडायला उभं राहणं. हलीमा एकेक शब्द मनात घोळवत बसली. सगळ्यांत कोणीतरी जवळ होतं, अगदी अंगाला लागून. लांब राहून वाचवणाऱ्या माणसाला इंग्रजीत काय म्हणतात, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात रिम्शा म्हणाली, "आता ऐक, मी वाक्य केलंय." तिने इंग्रजीत वाचलं आणि अर्थ सांगितला. "लहानपणापासून मला बडी अम्मीने जपलं."

चुलीपाशी इफ्फतने डोळ्यांना पदर लावला.

"बरोबर आहे ना, अम्मी?"

"बरोबर आहे, बेटा," हलीमा म्हणाली. खोटं तरी काय होतं त्यात? पण तिला जाऊबाईचा राग आला, मग राग आला म्हणून स्वतःची लाज वाटली.

यंदा प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत थंडी पडली तेव्हा रिम्शाला सुरतेला नर्सिंगला जागा मिळाली. इफ्फतचा नवरा मुबीन तिथेच कापड बाजारात कामाला लागला होता. आता इफ्फतही तिकडे जाणार होती आणि रिम्शा त्यांच्याकडेच राहणार होती. सगळं छान जुळून आलं, असं जो तो म्हणाला. हलीमाही म्हणाली. मनात मात्र तिने एकच गोष्ट धरली होती. जाण्याआधी लेकीचं तोंड दोन्ही हातांत घ्यायचं. एकदाच. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

ती पथारीवर जायची बंद झाली. ऐन हंगामात! मुकादमाने निरोप धाडले, वहाबने तिच्या कपाळाला हात लावून विचारलं, "दुखतंय का काही तुला?" ती खोबरेल चोळायची, ताकात हात भिजवायची, चिंचेच्या पाण्याने धुवायची आणि मग स्वतःच्याच डोळ्याला बोट लावून बघायची. आधी चांगलंच झोंबलं. मग जरा कमी. जायच्या दिवशी सकाळी काहीच झालं नाही. पाळण्यातल्या पोराचं तोंड पुसावं इतके स्वच्छ हात. खुळीसारखी ती आपले हात बघत बसली.

स्टेशनवर गाडी लागलेली. मुबीनने सामान चढवलं, इफ्फत खिडकीशी बसली, वहाब पाण्याची बाटली आणायला धावला. रिम्शा डब्याच्या दाराशी उभी होती. हलीमा पुढे झाली आणि तिने दोन्ही हात वर केले.

रिम्शाने डोळे घट्ट मिटले. मान फिरवली, खांदे आक्रसून घेतले.

"अम्मी, हात," ती हसतच म्हणाली, लहानपणापासून म्हणायची तशी. तिला त्यात काही वाटलंच नाही.

हात स्वच्छ आहेत गं, मी कामावरसुद्धा गेले नाही, हे अगदी हलीमाच्या ओठांपर्यंत आलं. पण सांगितलं असतं तर पोरीला कळलं असतं आपण मान फिरवून काय केलं ते, आणि सुरत येईपर्यंत ती रडत बसली असती. नको. हलीमाने हात मागे घेतले. कोपराने तिची पाठ चोळली. ओढणीचा पदर मध्ये धरून त्यावरून गाल दाबला.

तेव्हा रिम्शाने डोळे उघडले. "येते, अम्मी."

"सांभाळून राहा."

गाडी हलली. शेवटच्या डब्यातला गार्ड हिरवं निशाण धरून उभा होता. तोही गेला.

पथारीवरची सुंदरबाई त्याच गाडीला भावाला बसवून देऊन परत निघाली होती. तिला बाकावर हलीमा दिसली, दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बसलेली. मिरचीचा हात डोळ्याला लागला असं समजून सुंदरबाई जवळ येऊन अहिराणीत म्हणाली, "काय व हलीमा, मिरचीना हात लागना का डोयाले?"

हलीमाने हात खाली घेतले. डोळे लालभडक झाले होते.

"हां," ती म्हणाली. "लागना."