दोन बोटांची जागा

तारली मांजरीने पोटावरचे टाके चाटू नयेत म्हणून डॉक्टरबाईंनी तिला अंगरखा घालायला सांगितला, तेव्हा शेवंतीने खुंटीवरच्या शर्टाची बाही कापली. शर्ट बाबलीचा, तिच्या नवऱ्याचा. मागल्या हंगामात आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बाकीचे पोहून आले. बाबली आला नाही, सापडलाही नाही. मागे राहिली त्याची ही मांजरी. हिचे काही बरेवाईट झाले तर घरात त्याचे म्हणून श्वास घेणारे काहीच उरणार नव्हते.

"कापडाखाली दोन बोटं सहज जायला हवीत," डॉक्टरबाईंनी बजावले होते. "घट्ट झालं तर जखम चिघळेल, श्वासही कोंडेल."

शेवंतीला धास्ती मात्र सैल राहण्याची. बाहीला पायांसाठी भोके पाडून तिने पाठीवर सुताच्या दोरीचे बंद लावले. जन्म जाळी सांधण्यात गेलेला, हाताला गाठ ठाऊक ती जाळ्याची. ती ओढ बसली की आवळत जाते. मांजर उड्या मारणार, बंद ओढले जाणार, हे तिच्या ध्यानातच आले नाही.

सकाळी तारली चुलीच्या उबेला निवांत पसरली होती. कापडाखाली दोन बोटे सहज गेली.

"सुटला वाटता," म्हणत शेवंतीने बंद पुन्हा करकचून बांधले.

दुसऱ्या सकाळी पुन्हा सैल. या वेळी तिने गाठ उजेडात धरली. कुणीतरी ती सोडून नव्याने मारली होती, आणि तिचा पीळ उलटा होता.

उलटा पीळ बाबलीचा. तो डावखुरा. त्याने सांधलेले जाळे किनाऱ्यावर कुणीही ओळखत असे.

मांजरीला उचलून ती शेजारच्या पद्मावतीकडे गेली.

"माझ्या तारलीक तू हात लावलंस काय गो?"

"माका बोचकारून घेवची हौस नाय! आणि कडी तू आतून घालतंस. कोण येतलो थंय?" पद्मावती हसता हसता वाकली. गाठ दिसताच तिचे हसू विझले. "शेवंते, ही कोणी मारली?"

शेवंती मांजरीला छातीशी धरून परतली. घरी तिने कापड वर सारले. काखेखाली लाल वळ उठला होता, तिच्याच गाठीचा. तिने दोरी हातात घेतली, आणि सोडून दिली.

"तूच बांध," ती खुंटीकडे बघून म्हणाली. "तुका बरा जमता."

टाके काढताना डॉक्टरबाई खूश झाल्या. "छान भरलीय जखम. पण हा वळ बघा. असंच आवळलेलं राहिलं असतं तर मांजर हाती लागलं नसतं. सैल कोणी केलं?"

"घरच्यांनी."

त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. शेवंतीचा घसा धरला. झोपताना तिने गळ्याभोवती फडके गुंडाळून घट्ट गाठ मारली, हाताला ठाऊक होती तीच.

पहाटे जाग आली तेव्हा श्वास मोकळा चालला होता. उशाशी तारली घुरघुरत होती. शेवंतीने डोळे न उघडता गाठ चाचपली. फडके ओले होते आणि पीळ उलटा.

किती सैल झालेय ते बघायला तिने फडक्याखाली दोन बोटे सारली.

तिथे आधीच दोन बोटे होती.