एकाच ताग्यातले दोन तुकडे

बावीस कुटुंबांचे अभिप्रायाचे बावीस फॉर्म, आणि सगळ्यांवर 'उत्तम'! कस्तुरी हरखून गेली होती. वर्गाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या नरसिंहरावांनी मात्र गठ्ठा बाजूला सारला.

"कस्तुरीबाई, सगळेच उत्तम म्हणतात तेव्हा मला काहीच कळत नाही. वर्गामुळे घरात काय बदललं ते दाखवा. नाहीतर जूनपासून संस्थेची मदत बंद."

बंगळूरच्या चिकपेटमागच्या समाजाच्या हॉलमध्ये दर रविवारी आईबाप, आज्या आणि मुलं मिळून विज्ञानाचे प्रयोग करत. शहाण्णवपासून दोन वर्षं कस्तुरीने हा वर्ग जिवापाड जपला होता. आता तो बंद पडणार म्हणताच ती फॉर्म पुन्हा चाळू लागली. तेवढ्यात, "चला, एखाद्या घरी जाऊ," म्हणत नरसिंहराव उठलेच.

सगळ्यांत जवळचं घर तानूबाईंचं. शिवणकाम करणारी ही आजी नातीला घेऊन न चुकता वर्गाला येई, पण तोंडाची भारी फटकळ. कस्तुरीला नेमकं तिथंच जायचं नव्हतं.

"स्वल्प कॉफी घ्या, अण्णा. वर्ग एकदम उत्तम!" तानूबाई म्हणाल्या.

"काहीच चुकलं नाही?" नरसिंहरावांनी विचारलं.

तानूबाई कस्तुरीकडे बघत घुटमळल्या. "अक्का, रागावू नका. कागदावर लिहिलं असतं तर तुमच्या पोटावर पाय आला असता. पण काळं कापड उन्हात लवकर वाळतं म्हणून दाखवलंत ना? तुमचं काळं होतं पातळ पॉपलिन आणि पांढरं जाडं मांजरपाट. पातळ आधी वाळणारच की!"

कस्तुरीचा चेहरा खर्रकन उतरला. दोन वर्षांचं सगळं मुसळ केरात.

"मग?" नरसिंहराव पुढे सरकले.

"मग माझ्या नातीने, आर्याने, आणि मी एकाच पांढऱ्या ताग्यातले दोन तुकडे घेतले, एक काळा रंगवला. तीन दिवस वाळवले. एक दिवस ढग होते, तो धरला नाही. काळंच आधी वाळलं, पण जेमतेम. अक्कांच्या हॉलात अर्ध्या तासाचा फरक होता."

नरसिंहराव भराभर लिहीत सुटले. "कस्तुरीबाई, दोन वर्षं मी हेच शोधत होतो, वर्गातलं घरी तपासून बघणारं घर. मदत चालू राहील."

आपली चूक चारचौघांत निघाली आणि आपल्याला एवढा आनंद व्हावा, याचं कस्तुरीलाच नवल वाटलं. तिचे डोळे भरून आले.

"बरं अक्का, येत्या रविवारी काय आहे?" तानूबाईंनी विचारलं. "नीट करा हं. आम्ही घरी परत करून बघतो."